येशूची शागिर्दी

६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्याच्या धक्क्यावर उतरले आणि लवकरच शहराच्या रस्त्यांवर एक घंटा वाजू लागली. घंटा वाजवत ते गल्लीबोळांतून हिंडत. मागे येतील ती मुले, नोकर, गुलाम यांना घेऊन चर्चमध्ये जात आणि तिथे शिकवणी सुरू होई. प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, प्रेषितांचा मतांगीकार हे सगळे पद्यात घातलेले, चालीवर म्हणायचे. पोरांना चाल आवडली की ती घरी गेल्यावरही गुणगुणतात, ही गोष्ट त्यांनी चांगली ओळखली होती.

पुढे तामिळ किनाऱ्यावरच्या परवर कोळ्यांच्या गावांत त्यांनी हीच पद्धत आणखी ताणली. तिथली भाषा त्यांना येत नव्हती, म्हणून प्रार्थना तामिळमध्ये करून घेऊन त्यांनी स्वतःच पाठ केल्या. १५४४च्या जानेवारीत कोचीहून लिहिलेल्या पत्रात ते सांगतात, की आजाऱ्यांकडची बोलावणी इतकी येतात की एकट्याने पुरे पडणे अशक्य. तेव्हा प्रार्थना येणाऱ्या मुलांनाच ते घरोघर धाडत. मुले आजाऱ्याच्या उशाशी बसून मतांगीकार म्हणत आणि जमलेल्या मोठ्यांना म्हणायला लावत. घरातही आईबापांना शिकवायचे काम याच पोरांवर सोपवलेले असे. त्याच पत्रात दुसरेही आहे. कुठे मूर्तिपूजा चालली आहे असे कळले की झेवियर याच पोरांना घेऊन तिथे जात, आणि पोरे मूर्तींची विटंबना करत. हे त्यांनी कौतुकाने लिहिले आहे.

या एका पत्रात पुढच्या चारशे वर्षांचे सगळे धागे सापडतात. तरुणांना ख्रिस्ताचे शिष्य करायचे म्हणजे उत्तरे पाठ करून घ्यायची, ही एक समजूत. त्यांच्या हाती खरे काम द्यायचे, ही दुसरी. आणि पोरांचा उत्साह दुसऱ्याच्या देवावर सोडायचा, हा तिसरा धागा. त्याचे आजच्या ख्रिस्ती वाचकालाही अवघडलेपण वाटते आणि वाटायलाच हवे.

गोव्यात पहिल्या समजुतीचे वजन वाढत गेले. १५५६ साली सेंट पॉल कॉलेजात भारतातला पहिला छापखाना आला आणि पुढच्याच वर्षी झेवियर यांची छोटी धर्मशिकवणी त्यावर छापली गेली. तिची एकही प्रत आज शिल्लक नाही. याच सुमारास सत्तेचा हातही शिकवणीत शिरला. १५५९च्या पोर्तुगीज फर्मानाने आईबाप आणि आजाआजी नसलेली हिंदू मुले सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात द्यावीत आणि त्यांना बाप्तिस्मा द्यावा, असे ठरवले. ज्याने गुरू निवडलेलाच नाही, त्याला शिष्य करण्याचा हा खटाटोप होता. गोव्याच्या कित्येक घराण्यांनी मुले घेऊन नदीपलीकडे पळ काढला, त्यामागे अशीच फर्माने होती.

अशा हवेत १५७९च्या ऑक्टोबरात एक इंग्रज जेझुइट गोव्यात आला. विल्टशायरकडचा थॉमस स्टीफन्स. त्याने उरलेले आयुष्य, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, बहुतेक सासष्टीत काढले आणि तिथली भाषा अशी आत्मसात केली की मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला त्याला वगळता येत नाही. त्याच्या क्रिस्तपुराणाच्या आरंभी एक प्रसंग येतो. सासष्टीतल्या एका चर्चमध्ये रविवारी शिकवणी चालू असते. ऐकणाऱ्यांपैकी नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूला म्हणतो की ही शिकवण चांगलीच आहे, पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, त्यांच्या जागी आम्ही वाचावे काय? पाद्री त्यावर रागावत नाही. तो पुराणच रचून देतो.

हा प्रश्न फार मोलाचा होता. शिष्याने गुरूला सांगितले की प्रश्नोत्तरांनी पोट भरत नाही. १६१६ साली रायतूरला छापलेल्या या ग्रंथात अकरा हजारांच्या आसपास ओव्या आहेत. आदामापासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा, ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाच्या मराठीत, पण रोमन लिपीत. १६४९ आणि १६५४ साली तो पुन्हा छापला गेला. पुढे छापील प्रती मिळेनाशा झाल्या तेव्हा लोक हाताने नकला करत, आणि गोव्या-मंगळूरच्या घरांत उपवासकाळात तो गाऊन वाचला जाई. स्टीफन्सने धर्मशिकवणीचे पुस्तकही लिहिले होते. ‘दौत्रिना क्रिस्तां’ हे कोकणी पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ साली निघाले. गुरू आणि शिष्य यांच्या संवादातले, आणि मुलांना शिकवण्यासाठी म्हणून मुखपृष्ठावरच तसे सांगणारे. भाषाशास्त्रज्ञांना आज त्याचे मोठे अप्रूप आहे. पण लोकांच्या ओठांवर राहिले ते पुराण.

स्टीफन्स सासष्टीत होता त्याच काळातला वसईचा एक तरुण इथे आठवतो. गोन्सालो गार्सिया, बाप पोर्तुगीज, आई वसईकडची. जेझुइट पाद्री सेबास्तियांव गोन्साल्विस याच्या हाताखाली तो शिकला आणि त्याच्याबरोबर जपानला गेला. जपानी भाषा त्याला उत्तम येऊ लागली. शिकवणी देण्यात तो पाद्र्याच्या बरोबरीने वावरला, तरी जेझुइट संघात त्याला प्रवेश काही मिळाला नाही. मग त्याने व्यापार केला, त्यात पैसा मिळवला, तो सोडून मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानात गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर चढवलेल्या सव्वीस जणांत तो होता. १८६२ साली रोमने त्याला संत ठरवले. ज्याला दारातच अडवले तोच पुढे वेदीवर जाऊन बसला, हे वसईकर आजही थोड्या मिस्किलपणे सांगू शकतात.

१६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले की स्थानिक भाषा टाकून तीन वर्षांत सर्वांनी पोर्तुगीज बोलावे. स्टीफन्सने जे उभारले त्याच्या मुळावरच हा घाव होता.

*

मराठी मुलखात या गोष्टीचा दुसरा अध्याय उघडला तो १८१३ साली, अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईला उतरले तेव्हा. यांच्यामागे सत्तेची फर्माने नव्हती, शाळा होत्या. आणि शाळा म्हटली की वयाचा प्रश्न आलाच. किती वर्षांच्या मुलाने आपला धर्म आपण ठरवावा?

मुंबईत हा प्रश्न थेट कोर्टात गेला. १८४३ साली स्कॉटिश मिशनच्या शाळेतला नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्यामागोमाग मिशनऱ्यांकडे राहायला गेला. श्रीपत बारा वर्षांच्या आसपासचा. बापाने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि न्यायालयाने मुलगा बापाच्या हवाली केला. पण मिशनऱ्यांकडे राहिलेल्या, त्यांच्याबरोबर जेवलेल्या पोराला जातीत परत घ्यायचे की नाही? यावर मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे या बाजूचे होते, आणि त्यापायी त्यांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. एका शाळकरी मुलासाठी मिशन, कोर्ट आणि धर्मसभा तिन्ही हमरीतुमरीवर आल्या. त्याचे स्वतःचे म्हणणे काय, याला मात्र फारसे महत्त्व कोणी दिले नाही. थोरला नारायण पुढे पाळक झाला आणि जालन्याजवळ त्याने बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली.

अमेरिकन मिशनने १८३१च्या डिसेंबरात अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, ठाणे मांडले. मराठी ख्रिस्ती जीवनाची घडण खऱ्या अर्थाने इथे झाली. शाळा, बोर्डिंग, छापखाना, १८४२ पासून ‘ज्ञानोदय’, १८७८ पासून पाळक तयार करणारी रॉबर्ट ह्यूम यांची सेमिनरी. सिंथिया फॅरार बाईंच्या मुलींच्या शाळेकडे जोतीराव फुले यांचे लक्ष गेले होते, हा भाग आता शाळकरी पुस्तकांतही येतो. त्यामानाने बोर्डिंगची फारशी कोणी आठवण काढत नाही. पण ब्राह्मण घरातून आलेला मुलगा आणि महारवाड्यातून आलेला मुलगा एका पंगतीत बसून जेवले, म्हणजे प्रश्नोत्तरीतला बंधुभाव पानात वाढला गेला. बाहेरच्या समाजाने मिशनच्या शाळांतून मुले काढून घेतली ती पुष्कळदा बायबलाच्या तासापायी नव्हे, शेजारी कोण बसले यापायी.

१८७६ ते ७८च्या दुष्काळानंतर आणि पुन्हा १८९९-१९००च्या दुष्काळात मंडळीत माणसांची भर एकदम पडली. आता शिकवायला पाळक पुरेनात. मग खेड्यातला मास्तर हाच शिक्षक, तोच उपदेशक, तोच गाणारा झाला. दिवसा पोरांची शाळा, रात्री कंदिलाच्या उजेडात मोठ्यांची, रविवारी उपासना. सुवर्णवचन पाठ करून येणाऱ्याला चित्राचे कार्ड मिळे. १८७३ पासून निघणाऱ्या ‘बालबोधमेवा’ने मुलांना बायबलाबरोबर जगाच्याही गोष्टी दिल्या. मराठी बालमासिकांचा इतिहास लिहिताना या मासिकापाशी थांबावेच लागते.

स्टीफन्सच्या ब्राह्मण श्रोत्याने जे मागितले होते, तेच नगरच्या मंडळीने अडीचशे वर्षांनी स्वतःहून हाती घेतले. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाचा बाज ख्रिस्तकथेला दिला. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, पेटी, मध्येच विनोद. इंग्रजी चालींवर बेतलेली गीते म्हणताना ज्यांची जीभ अडखळे, ते साक्या-दिंड्यांवर डोलू लागले.

अमेरिकेतून एक वेगळी कल्पनाही आली. १८८१ साली मेन राज्यातल्या पोर्टलंडच्या फ्रान्सिस क्लार्क या पाळकाने तरुणांची ‘ख्रिस्ती एन्डेव्हर’ नावाची संस्था काढली. तिचा कणा होता सभासदाची लेखी प्रतिज्ञा. रोज बायबल वाचीन, रोज प्रार्थना करीन, आणि प्रत्येक सभेत काही ना काही भाग घेईन. नुसते बसून ऐकणाऱ्याला तिथे जागा नव्हती. बुजऱ्या पोराने निदान एक वचन तरी उठून वाचायचे. अवघ्या काही वर्षांत ती जगभर पसरली आणि १९०९ साली तिची जागतिक परिषद आग्र्याला भरली. प्रतिज्ञेचे वही-खाते ठेवण्यात अमेरिकन नेटकेपणा होता आणि थोडा हिशेबीपणाही. पण सभा तरुणांनीच चालवायची, हा तिचा गुण नाकारता येत नाही.

मुलींचे काय, याचे सर्वांत ठाशीव उत्तर केडगावला मिळाले. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणि विधवा आणल्या, पुढच्या दुष्काळात गुजरातेतून, आणि शतक पालटताना मुक्ती मिशनमध्ये दोन हजारांच्या घरात माणसे झाली. प्रत्येकीला काही ना काही हुन्नर आलाच पाहिजे, असा बाईंचा दंडक. विणकाम, शेती, स्वयंपाक, शिवण आणि छपाई. १९०५च्या सुरुवातीला त्यांनी रोजच्या प्रार्थनेसाठी मुलींचे गट केले आणि जूनच्या अखेरीस तिथे जो प्रार्थनेचा उमाळा उसळला त्याच्या बातम्या परदेशांतल्या मिशन मासिकांनी छापल्या. मुली रडत होत्या, मोठमोठ्याने प्रार्थना करत होत्या आणि टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत सांगायला जात होत्या. पाहुण्यांना हे सगळे विलक्षण वाटले. पण रमाबाईंच्या शिस्तीचे खरे माप दुसरीकडे दिसते. त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलाचे मराठी भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकामुलींच्या हातून छापले गेले. दुष्काळात घरदार गमावलेल्या मुली एकेक खिळा उचलून धर्मग्रंथ जुळवत होत्या. रमाबाई ५ एप्रिल १९२२ला गेल्या. छापलेले संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले.

*

या सगळ्या खटाटोपांत सर्वांत कमी शिस्तीचा आणि सर्वांत जास्त ओढ लावणारा गुरू म्हणजे नारायण वामन टिळक. जन्म १८६१, करजगाव. आगगाडीत एका अनोळखी युरोपियनाने हाती दिलेला नवा करार वाचता वाचता ते ख्रिस्ताकडे ओढले गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मग नगर. सेमिनरीत शिकवणे, ‘ज्ञानोदया’त लिहिणे, ‘बालबोधमेव्या’साठी मुलांच्या कविता, आणि घर माणसांनी भरून टाकणे.

लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कुणालाही हे घर ठाऊक आहे. टिळक रस्त्यातून, स्टेशनातून, दुष्काळातून कोणालाही घेऊन यायचे आणि चूल पेटवायची लक्ष्मीबाईंनी. पगार महिन्याच्या सुरुवातीलाच संपलेला. वेळापत्रक नाही, हजेरीपट नाही. पाळक घडवण्याचे काम सेमिनरीत जितके झाले तितकेच या ओसरीवर झाले असावे, असे म्हणायला पुष्कळ जागा आहे. आणि त्याचा अर्धा मान लक्ष्मीबाईंचा. स्वतः त्या पाच वर्षे नवऱ्याच्या नव्या धर्मापासून लांब राहिल्या, भांडल्या, सोवळे पाळले आणि मग आपल्या गतीने १९०० साली ख्रिस्ती झाल्या. शिष्यत्व घाईने येत नाही, याचा असा जिवंत दाखला त्या घरातल्या पोरांसमोर रोज वावरत होता.

१९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात एका कोवळ्या पोराने कविता म्हटली आणि ‘बालकवी’ ही पदवी मिळवली. हे त्र्यंबक बापूजी ठोमरे पुढे टिळकांच्या नगरच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना लेकाप्रमाणे वागवले. ते रुसत, हट्ट करत, भूत-पिशाच्चांना भीत, आणि टिळकांशी कवितेवर तासन्‌तास बोलत. ते ख्रिस्ती झाले नाहीत, टिळकांनी तसा धोशाही लावला नाही. एका मिशनच्या पगारी उपदेशकाच्या घरात हे घडत होते, हे ध्यानात घेतले तर त्यातले धाडस कळते.

कारण टिळकांना आता मिशनच्या चौकटीचाच जाच होऊ लागला होता. गोऱ्या साहेबाच्या पगारावर राहून हिंदी माणसाने ख्रिस्ताची साक्ष द्यायची, आणि ती बाप्तिस्म्यांच्या आकड्यांत मोजायची, हे त्यांना सोसेना. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला बिऱ्हाड केले आणि ‘देवाचा दरबार’ जाहीर केला. ख्रिस्ताच्या शिष्यांचा एक भाईचारा, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही जागा. या दुसऱ्या शब्दाने मंडळीत खळबळ उडाली. बाप्तिस्म्याशिवाय शिष्य? मग पाळकांचे काय, प्रभुभोजनाचे काय, नोंदवहीचे काय? मिशनमधल्या मित्रांनी समजावले, काहींनी झिडकारले.

टीका अगदीच चुकीची नव्हती. दरबाराला घटना नव्हती, पैसा नव्हता, आणि टिळकांखेरीज त्याला धरून ठेवणारे दुसरे कोणी नव्हते. ९ मे १९१९ला मुंबईच्या जे. जे. इस्पितळात टिळक गेले आणि दरबारही हळूहळू ओसरला. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

पण नगरमध्येच एक इंग्रज पाळक टिळकांकडे टक लावून पाहत होता. जॅक विन्स्लो, अँग्लिकन मिशनचा. त्याने १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले आणि त्याआधीच, १९२२ साली, नगरला ‘ख्रिस्त सेवा संघ’ सुरू केला होता. खादी, जमिनीवर बैठक, शाकाहार, हिंदी आणि इंग्रज तरुणांचे एकत्र जेवणखाण. काही वर्षांनी संघ पुण्याला गेला आणि १९२७ साली ऑक्सफर्डहून पंचविशीचा व्हेरियर एल्विन तिथे दाखल झाला. इथे शिकणारा आणि शिकवणारा यांतला भेद पुसट होता. गोरे तरुण मराठी शिकत, गांधींच्या आश्रमात जात आणि सरकारच्या नजरेत खुपत.

याच संघात एल्विनला शामराव हिवाळे भेटले. मराठी ख्रिस्ती घरातला हा तरुण धर्मगुरू होण्यासाठी इंग्लंडला गेला होता. ते शिक्षण अर्धे टाकून तो परतला आणि १९३२च्या जानेवारीत दोघे मंडला जिल्ह्यातल्या करंजिया या गोंड खेड्यात राहायला गेले. शाळा काढल्या, दवाखाना काढला, महारोग्यांसाठी जागा केली. गोंड लोक एल्विनला बडा भाई म्हणत आणि शामरावांना छोटा भाई. कोणाला ख्रिस्ती करायचे नाही, हे त्यांनी आधीच ठरवले होते आणि त्यापायी बिशपशी बिनसले. १९३५ साली एल्विन चर्चमधून बाहेर पडला, पुढे मोठा मानववंशशास्त्रज्ञ झाला आणि ईशान्येकडे गेला. शामराव मंडल्यातच राहिले, तिथल्या परधानांवर त्यांनी १९४६ साली पुस्तक लिहिले, आणि एल्विन निघून गेल्यावरही दवाखान्याची आणि शाळांची कामे तेच पाहत राहिले.